चिंगीच्या पाठीवरचं ग्रीस

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ आमचं घर, आणि घरामागे यंत्रमागाचा कारखाना. थंडीच्या रात्री माग बंद झाले की आमची मांजर चिंगी उबेला मागाखाली जाऊन झोपते. एका सकाळी ती परतली ती पाठीवर तळहाताएवढा काळा पट्टा घेऊनच. ग्रीसमध्ये सुताची धूळ मिसळून नुसता लगदा झाला होता. कारखान्यातल्या मामांनी लगेच उपाय सांगितला, "रॉकेलचा बोळा फिरवा की ओ, दोन मिनिटांत निघतंय बघा."

ते स्वतःचे हात रोज तसेच धुतात, त्यामुळे सल्ला अनुभवाचा होता. फक्त मामा हात चाटत नाहीत.

मांजराच्या अंगाला जे लागतं ते थोड्या वेळाने त्याच्या पोटात असतं. जिभेवरचे खरखरीत काटे आपल्या नखांसारखेच केराटिनचे. २०१८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी ते बारकाईने पाहिले, तेव्हा काट्यांची टोकं पन्हळीसारखी पोकळ निघाली. त्या खोलगटीत लाळ आपोआप भरते आणि दाट केसांतून खाली कातडीपर्यंत पोचते. कंगवा आणि झारी एकाच अवजारात! ग्रीसपुढे मात्र हे अवजार उलटतं. लाळेत ग्रीस विरघळत नाही, जिभेला चिकटतं. आणि काटे घशाकडे वळलेले असल्याने चिकटलेलं थुंकता येत नाही, गिळावंच लागतं. खायचं तेल असेल तर फार तर जुलाब होतील. यंत्राच्या वापरलेल्या तेलात झिजलेल्या धातूची कीस असते, गाडीच्या ऑइलमध्ये तर जळक्या तेलातले घातक पदार्थही.

रॉकेल त्याहून वाईट, कारण ते पातळ असतं. चाटताना किंवा उलटी होताना त्याचा थेंब श्वासनळीत सहज घसरतो आणि फुप्फुसांना सूज येते. म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल पोटात गेलेल्या मांजराला मुद्दाम उलटी करवायची नसते. कातडीही त्याने भाजल्यासारखी होते. थिनर आणि टर्पेंटाइन याच पंगतीतले.

बरं, जंतुनाशक टाकून धुवावं म्हटलं तर मध्ये येतं मांजराचं यकृत. आपलं यकृत नको असलेल्या अनेक रेणूंना ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडतं. मग ते पाण्यात विरघळतात आणि लघवीवाटे निघून जातात. या जोडकामातल्या एका महत्त्वाच्या एन्झाइमचं जनुक मांजरात मोडकं आहे. म्हणून पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याच्या जिवावर बेतू शकते, आणि फिनॉल जातीचे पदार्थ त्याच्या शरीरात रेंगाळतात. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक आणि काळं फिनाइल, दोन्ही त्याच जातीची.

मग ग्रीस काढायचं कशाने? तेलाने. ग्रीस तेलातच सैल होतं, पाण्यात नाही. पण त्याआधी चिंगीची जीभ थांबवायला हवी होती. सोलापुरात राहून टॉवेलला तोटा नाही, तरी टेरी टॉवेल घेऊ नका. त्याच्या लूपांत नखं अडकतात आणि मांजर आणखी बिथरतं. आम्ही घट्ट विणीच्या जुन्या चादरीत तिला गुंडाळलं, पाठ तेवढी उघडी ठेवली. घरातलं करडईचं तेल चमचाभर घेऊन पट्ट्यावर बोटांनी चोळलं आणि जुन्या बनियनच्या चिंधीने टिपलं. पहिली चिंधी काळी निघाली, दुसरी तपकिरी, तिसरी पिवळट. कात्री लावायचा मोह झाला होता; पण गाठ ओढली की मांजराची पातळ कातडी केसांबरोबर वर येते आणि केसांऐवजी तीच कापली जाते.

आता उरलं आपलंच तेल. त्याला भांड्यांचं लिक्विड, तांब्याभर कोमट पाण्यात दोन-तीन थेंब. अंगाचा साबण इथे फसतो, कारण बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियमशी साबण जुळला की चिकट साका केसांवर बसतो. लिक्विडमधल्या रेणूंचं जड पाण्यात एवढं अडत नाही. त्यांची शेपटी तेलात रुतते, डोकं पाण्याकडे राहतं, आणि तेलाचा थेंब चहूबाजूंनी वेढला जाऊन पाण्याबरोबर निघून जातो. लिक्विड कमी वासाचं बघा. लिंबाच्या सालीतलं तेल मांजराला सोसत नाही. पाणी मनगटावर कोमट लागेल इतपतच. मांजराचं अंग ३८-३९ अंशांचं असतं, ओलं राहिलं की ते झपाट्याने गारठतं. फेस पूर्ण जाईपर्यंत धुवायचं, नाहीतर तोही पोटात जाणार.

पट्टा तळहाताएवढा होता म्हणून घरी जमलं. अंगभर तेल, डांबर किंवा रॉकेल असेल, मांजर लाळ गाळत, खोकत, धापा टाकत असेल, तर जनावरांचा दवाखाना गाठायचा आणि त्या द्रवाचा डबाही सोबत न्यायचा.

केस वाळल्यावर चिंगीच्या पाठीवर वहीचा कोरा कागद दाबला. भज्यांच्या कागदावर पडतो तसा आरपार डाग उमटला. पाण्याचा डाग वाळून जातो, हा गेला नाही. पुन्हा धुतलं, पुन्हा वाळवलं. दुपारी कागद कोरा निघाला तेव्हा चादर सोडली. चिंगी खिडकीत जाऊन बसली आणि तासभर स्वतःला चाटत राहिली. या वेळी कुणी अडवलं नाही.