बदकाची शेंडी आणि कवटीतलं भोक

शेंडीवालं बदक पाहिलं की आधी हसू येतं. अंगाने साधं पाळीव बदक, नर सव्वातीन किलोच्या आसपास, मादी थोडी हलकी. फक्त डोक्याच्या मागच्या बाजूला मऊ पिसांचा गोलमटोल झुपका. हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर उतरणारं रानटी शेंडी बदक वेगळं. त्याची शेंडी म्हणजे निव्वळ लांब पिसं, निसर्गाने घडवलेली आणि निरुपद्रवी. पाळीव बदकाच्या झुपक्याखाली मात्र चरबीची गादी असते, गादीखाली कवटीला भोक असतं, आणि पुष्कळदा त्याच चरबीचा गोळा आत मेंदूजवळही असतो.

ही जात नेमकी कुठली, यावर एकमत नाही. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी कोंबड्या-बदकांची जी अंगणं रंगवली, त्यांत अशी बदकं दिसतात. डच व्यापाऱ्यांची जहाजं त्याच काळात जावा-बालीकडे ये-जा करत होती आणि बाली बेटावरच्या उभ्या चालीच्या बदकांनाही शेंडी असते. त्यामुळे ही शेंडी पूर्वेकडून जहाजाने युरोपात आली असावी, असा अंदाज बरेच जण बांधतात. अंदाज पटण्यासारखा आहे, पण असा बदल एकाहून जास्त ठिकाणी आपोआपही उपटू शकतो.

कवटीतल्या भोकाची गोष्ट मात्र अजिबात नवी नाही. चार्ल्स डार्विनने १८६८ साली पाळीव प्राण्यांमधल्या बदलांवर ग्रंथ लिहिला, त्यात या बदकाची नोंद आहे: मांसल गादीवर उभा असलेला मऊ पिसांचा तुरा आणि खाली भोक पडलेली कवटी. हॉलंडहून मागवलेल्या एका बदकाचा तुरा त्याने मोजलाही होता. अडीच इंच व्यासाचा भरला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८७४ मध्ये, अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने पांढऱ्या शेंडीवाल्या बदकाला प्रमाणित जातींच्या यादीत घेतलं. ब्रिटनमध्ये १९१० साली मान्यता मिळाली, आणि काळ्या रंगाला अमेरिकेत १९७७ मध्ये. म्हणजे कवटीतला दोष छापून आला होता आणि प्रदर्शनात बक्षीसही त्याच डोक्याला मिळत होतं. माझ्या मते या जातीचा सगळा इतिहास एवढ्यातच आला.

पाळणाऱ्यांना डार्विन वाचायची गरज नव्हती. नर-मादी दोघंही शेंडीवाले घेऊन जोडी लावली की बरीच अंडी फुकट जातात, हे त्यांना अनुभवाने कळत होतं. बदकाचं अंडं उबायला साधारण २८ दिवस लागतात. मधे अंधारात बॅटरी धरून पाहिलं तर आत रक्तवाहिन्यांचं जाळं आणि हलणारा जीव दिसतो. पुढे त्यातल्या काही अंड्यांमधली हालचाल थांबते आणि पिल्लू कवचातच मरतं. जी बाहेर येतात त्यांतही सगळ्यांना शेंडी नसते. काहींची डोकी अगदी साधी निघतात.

या कोड्याची किल्ली बदकात सापडली नाही, उंदरात सापडली. फ्रान्समध्ये ल्यूसियाँ केनो हा जीवशास्त्रज्ञ पिवळ्या उंदरांवर काम करत होता. पिवळा गुणधर्म प्रभावी होता, म्हणजे आई-बाप यांपैकी एकाकडून आला तरी दिसायचा, तरी केनोला एकही शुद्ध पिवळा, म्हणजे दोघांकडूनही तो मिळालेला, उंदीर मिळेना. पिवळ्या-पिवळ्या जोडीच्या पिल्लांत, आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलच्या हिशेबाने, तीन पिवळ्यांमागे एक साधं असं प्रमाण यायला हवं, पण पिवळी पिल्लं त्याहून कमी भरत होती. ही गोष्ट १९०५ ची. १९१० मध्ये अमेरिकेत कॅसल आणि लिटल यांनी उलगडा केला: दोन्हीकडून पिवळ्याचा जनुक मिळालेले जीव जन्माआधीच मरतात, म्हणून मोजणीत येतच नाहीत.

बदकाच्या शेंडीचा हिशेब जवळजवळ असाच आहे. शेंडीचा जनुक एका बाजूने आला तर शेंडी येते, दोन्ही बाजूंनी आला तर कवटी नीट मिटत नाही आणि पिल्लू अंड्यातच मरतं. म्हणून शेंडीवाल्या जोडीची अंदाजे पाव अंडी मरतात, निम्म्यांतून शेंडीवाली पिल्लं निघतात आणि उरलेली पाव साधी. याचा अर्थ शुद्ध बीज असलेलं शेंडीवालं बदक जगात असूच शकत नाही. कितीही पिढ्या निवड करा, साधी पिल्लं निघतच राहणार. जाणकार म्हणूनच शेंडीवाल्याला साध्या डोक्याचा जोडीदार देतात. पिल्लं निम्मी-निम्मी मिळतात आणि दुहेरी मात्रेचं मरण टळतं.

पण टळतं ते तेवढंच. एकच मात्रा घेऊन जगलेल्या पिल्लांनाही धोका असतो. कुणाची मान वाकडी होते, कुणी चालताना तोल जाऊन पडतं, कुणाला झटके येतात. पाठीवर पडलेलं बदक उठू शकलं नाही तर तिथेच हातपाय झाडत राहतं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ विद्यापीठात गेर्ड रेहकेंपर आणि सहकाऱ्यांनी अशा बदकांच्या मेंदूंचा अभ्यास केला. कवटीतला चरबीचा गोळा एखाद्यात नगण्य निघाला, तर एखाद्यात त्याने बरीच जागा व्यापलेली होती. बाहेरून शेंडी पाहून आतलं कळत नाही, त्यामुळे त्यांनी एक सोपी चाचणी सुचवली: बदकाला उताणं ठेवायचं आणि ते किती पटकन उलटून उभं राहतं ते पाहायचं. जे अडखळेल त्याची पैदास करायची नाही.

सगळ्याच शेंड्या अशा घातक नसतात, हेही सांगायला हवं. कबुतराच्या डोक्यावरची उलटी पिसं एका वेगळ्याच जनुकामुळे येतात, असं २०१३ मध्ये मायकेल शापिरो यांच्या गटाने दाखवलं. तिथे फक्त पिसांची दिशा बदलते, हाडाला धक्का लागत नाही. डोक्यावर पिसांचा तुरा असलेल्या पोलिश कोंबडीची कवटी वर फुगलेली असते, तरी तो जनुक दुहेरी मिळूनही कोंबडी जगते. ग्लॉस्टर कॅनरी या पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या छोट्या पक्ष्यात मात्र पाळणारे शेंडीवाल्याला साध्याशीच जोडतात, कारण तिथेही दुहेरी मात्रा जीवघेणी मानली जाते.

पुढे प्रकरण कोर्टात गेलं. जर्मनीच्या प्राणी संरक्षण कायद्यात वेदनादायी पैदाशीवर बंदी घालणारं ११ब हे कलम १९८६ पासून होतं. हेसे राज्यातल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याच्या आधारे एका पाळणाऱ्याला शेंडीवाल्या बदकांची पैदास बंद करायला सांगितलं. राज्याच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने बंदी उचलून धरली, पण डिसेंबर २००९ मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने ती रद्द केली. पिल्लांना त्रास होण्याची नुसती शक्यता पुरेशी नाही, तसं घडण्याचा संभव जास्त आहे हे दिसायला हवं, असा त्याचा आशय. आता कवचात मेलेल्या पिल्लांचा त्रास कुणी आणि कसा मोजायचा? निकालानंतर हे कलम कागदावरच राहणार अशी ओरड झाली आणि २०१३ मध्ये त्याची शब्दरचना बदलली. पैदाशीच्या अनुभवावरून किंवा अभ्यासावरून असे परिणाम अपेक्षित असतील, तर तेवढ्यावर आता बंदी घालता येते. ब्रिटन आणि अमेरिकेच्या प्रमाणित याद्यांत मात्र ही जात अजून आहे.