नेरूळचा तो मोसम आणि पंधरा वर्षांचा करार

२० डिसेंबर २०१४. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, फुटबॉलच्या पहिल्या इंडियन सुपर लीगची फायनल. एकीकडे सौरव गांगुली सहमालक असलेलं अ‍ॅटलेटिको डी कोलकाता, दुसरीकडे सचिनचं केरळा ब्लास्टर्स. नव्वद मिनिटं झाली तरी गोल नाही. वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईची मिनिटंही संपत आलेली, तेवढ्यात कॉर्नर आला, मोहम्मद रफीकने डोकं लावलं आणि कोलकाता १-० ने जिंकलं. नवी मुंबईत मल्याळी कुटुंबं किती आहेत हे त्या संध्याकाळी पिवळ्या जर्सींवरून कळत होतं. जुईनगर स्टेशनकडे परतताना गर्दीत कोणी बोलतच नव्हतं.

मुंबई सिटीचं घरचं मैदानही हेच. १८ ऑक्टोबरला घरच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी पुण्याला ५-० ने धुतलं आणि आंद्रे मोरित्झने लीगची पहिली हॅटट्रिक ठोकली. तरीही मोसमाअखेर संघ आठांत सातवा. मैदान मुळात क्रिकेटचं, २००८ च्या आयपीएलची फायनल इथलीच. खांब आड येत नाहीत हे खरं, पण टचलाइन, म्हणजे मैदानाची बाजूची रेषा, प्रेक्षकांपासून इतकी लांब की पाठीवरचा नंबर वाचायला डोळे बारीक करावे लागत.

आठ संघ, दहा आठवडे, आणि मोसम खलास. कागदोपत्री तेव्हा देशाची अव्वल लीग ही नव्हतीच. तो मान आय-लीग या जुन्या लीगचा. मग हा थाट आला कुठून? २०१० च्या डिसेंबरात फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्स या क्रीडा-व्यवसायातल्या कंपनीशी १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला आणि व्यावसायिक हक्क त्यांच्या हाती दिले. त्याच वर्षी महिंद्रा युनायटेडने गाशा गुंडाळला होता. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग (आय-लीगचं आधीचं रूप) जिंकणारा मुंबईचा संघ बंद पडला, आणि शहरात कोणाला फारसं सुतकही पडलं नाही. जुन्या लीगला प्रेक्षक नाहीत, टीव्ही नाही, ही ओरड खोटी नव्हती. फक्त तिला सुधारण्याऐवजी शेजारी दुसरं दुकान थाटलं गेलं, हे मला आजही खटकतं.

दोन लीगचा संसार बरीच वर्षं चालला. २०१९ मध्ये आशियाई महासंघाने आराखडा मंजूर केला आणि सुपर लीग अव्वल ठरली. आय-लीग जिंकून वर येण्याची वाट उघडली ती २०२२-२३ मध्ये. त्या वाटेने पहिला आला पंजाबचा संघ.

नेरूळची गोष्ट त्याआधीच संपली होती. २०१६ पासून मुंबई सिटी अंधेरीला गेली. नेरूळला नंतर मोठे सामने झाले, २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी आणि २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाची फायनलसुद्धा. पण ‘आपला संघ’ म्हणावं असं काही उरलं नाही.

आणि करार? तो ८ डिसेंबर २०२५ ला, म्हणजे ऐन मोसमात संपणार होता. नूतनीकरण ठरेना, म्हणून जुलैमध्येच आयोजक कंपनीने क्लबांना कळवलं की पुढचा मोसम तूर्त थांबवला आहे. प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या देखरेखीखाली गेलं, हक्कांसाठी नवी निविदा निघाली. नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती.