पार्श्वभूमी: नागपूरची उद्यानं आणि हरकतीचा हक्क

भोसल्यांच्या काळात महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी या राजघराण्याच्या बागा होत्या. तिथे काय असावं हे रयतेला कुणी विचारत नव्हतं, आणि इंग्रजी अमलातही त्यात फार फरक पडला नाही. हक्काची गोष्ट सुरू होते ती १९३६ च्या नागपूर सुधार प्रन्यास कायद्यापासून. प्रन्यास म्हणजे शहराच्या सुधारणेच्या योजना आखणारी संस्था. प्रन्यासची योजना जाहीर झाली की हरकत घेता यायची, पण मुख्यतः ज्याची जमीन किंवा घर त्यात जाणार त्यालाच. वस्तीतल्या पोरांना खेळायला मैदान हवं, हे म्हणणं मांडायला त्यात जागा नव्हती.

१९६६ च्या नगररचना कायद्याने ती दिली. प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची याचा कच्चा आराखडा, प्रसिद्ध झाला की आता ३० दिवसांत कुणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो, मग तो भाडेकरू का असेना. नकाशात आपली मौजा (महसुली गाव) आणि खसरा (जमिनीचा) क्रमांक शोधायचा, अर्ज दोन प्रतींत करायचा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्यायचा. पुढे नियोजन समितीसमोर सुनावणी होते. तिच्यात स्थायी समितीचे ३ सदस्य असतात, शिवाय सरकारी नियुक्तीचे जाणकार. वेळ तोकडा आणि नकाशा किचकट असला, तरी हा हक्क मोठा आहे.

नागपूरचा सुधारित आराखडा २००० मध्ये लागू झाला. उद्यानं-क्रीडांगणांची आरक्षणं, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जागा, त्यात होती, पण शहर तोवर अनधिकृत ले-आउटमधून पसरलं होतं. अशा ले-आउटच्या संख्येवरून आलेले ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे इथे वस्त्यांच्या नावांसारखे बोलले जातात. २००१ च्या गुंठेवारी (परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटांच्या) कायद्याने नियमितीकरणाला वाट मिळाली. लोकांनी विकास शुल्क भरलं आणि आधी रस्ते, गडरलाइन मागितली. त्यात चूक काहीच नव्हती, पण बगिच्याची पाळी शेवटी आली.

आरक्षणालाही मुदत असते. १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देतो. त्यानंतर यंत्रणेला आधी ६ महिने मिळत, मग १२ आणि आता २४ महिने मिळतात. तेवढ्यात काही झालं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. आरक्षण टाकताना सगळ्या गावाच्या हरकती मागवतात. ते जाताना वस्तीला साधं पत्रही येत नाही. माझ्या मते या कायद्यातलं सर्वांत मोठं भोक हेच आहे.

दुसरं भोक अंबाझरीने दाखवलं. तलावाकाठचं हे उद्यान १९५८ चं. ते राज्याच्या पर्यटन यंत्रणेकडे आणि तिथून खासगी विकासकाकडे गेलं. आवारातलं डॉ. आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडलं गेलं, तेव्हा कुठे बहुतेक शहराला हा व्यवहार कळला. त्यानंतर महिला उद्यानासमोर धरण्याला बसल्या आणि दीर्घकाळ बसून राहिल्या. जुन्या उद्यानाला पैसा हवा होता, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दा खोटा नाही. पण आराखड्यातला जमिनीचा वापर बदलायचा असेल तर त्याच नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली हरकती मागवाव्या लागतात. उद्यान कागदावर उद्यानच ठेवून चालवायला दुसऱ्याला द्यायचं असेल, तर त्या कलमाची गरजच पडत नाही. फाटक कोण उघडणार, तिकीट किती लागणार, आत काय बांधलं जाणार, हे सगळं करारात ठरतं. सकाळी फिरायला येणाऱ्याला हेच तर महत्त्वाचं असतं.

झाडांच्या बाबतीत कायदा अधिक उदार आहे. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने तोडीआधी नोटीस आणि हरकती आवश्यक केल्या, म्हणूनच २०२१ मध्ये अजनी भागातल्या प्रकल्पात जाणाऱ्या झाडांसाठी हजारो नागपूरकर एकवटू शकले. झाडाला जी नोटीस मिळते, ती अख्ख्या बगिच्याला नाही.

महापालिका कायद्याच्या २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभा आणल्या, म्हणजे वस्तीतल्या मतदारांनी बसून आपल्या भागातली कामं सुचवायची. त्या कागदावरच राहिल्या. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपून प्रशासक आला आणि बगिच्याचा नळ बंद आहे हे सांगायला नगरसेवकही उरला नाही. त्या काळात तक्रार थेट पालिकेच्या झोन कार्यालयात जायची. उद्यान भाड्याने किंवा चालवायला देण्याआधी ३० दिवसांची नोटीस आणि सुनावणी सक्तीची करायची, तर कलम ३७ ची पद्धत तयारच आहे. ती करारांनाही लावावी लागेल.