तोदोस सांतोसची घोडदौड: शर्यत म्हणावी की नाही?

ग्वातेमालातल्या तोदोस सांतोस कुचुमातान या माया लोकांच्या डोंगरी गावची १ नोव्हेंबरची घोडदौड आता यूट्यूबमुळे सगळ्यांनी पाहिलीय, म्हणून स्वारांच्या लाल पट्ट्यापट्ट्यांच्या विजारी वगैरे परत सांगत नाही.

मुळात घोडा हा बाहेरून आलेला प्राणी. १५२५ मध्ये माम लोकांची (इथले माया, त्यांची भाषाही माम) राजधानी साकुलेउ पडली ते घोडेस्वार स्पॅनिशांपुढे, आणि नंतर १६८० च्या स्पॅनिश कायदेसंग्रहात तर इंडियनांनी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांनी, घोड्यावर बसू नये असं सरळ लिहिलेलंच आहे. काही मुखियांना परवाने मिळायचे, ते सोडा. म्हणून गावातली गोष्ट अशी की बंदी असताना घोड्यावर बसून दाखवलं, तिथून हे सुरू झालं. खरं असेल किंवा नसेल, पण गोष्ट जमते छान.

खरा घोळ शब्दाचा आहे. स्पॅनिशमध्ये ‘कारेरा’ म्हणतात, म्हणजे शर्यत, आणि आपणही तेच उचलतो, पण इथे जिंकणारा कोणीच नसतो! माममध्ये त्याला ‘स्काच कोयल’ म्हणतात. सकाळपासून दुपारनंतरपर्यंत त्याच मातीच्या पट्ट्यावर जायचं, वळायचं, परत यायचं, मध्ये जेवायला सुट्टी, आणि रात्रभर मारिंबावर (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) नाचून प्यायलेला माणूस तरी खोगिरावर टिकला की झालं. कोण पहिला आला हे विचारणारा बहुतेक पाहुणाच असतो. पडून माणूस मेला तर पीक चांगलं येतं, हे वाक्य प्रत्येक प्रवासलेखात असतं, मला ते जरा जास्तच मसालेदार वाटतं.

आता खर्चाचं. घोडे बहुतेक भाड्याने आणतात, त्यात कपडे, मारिंबा, दारू. १९८२ मध्ये यादवी युद्धात सैन्याने या भागात ज्या कत्तली केल्या त्यानंतर किती जण मेक्सिकोकडे पळाले, १९९६ च्या शांतता करारानंतरही माणसं उत्तरेला अमेरिकेत जातच राहिली, आणि आज घोड्यावर दिसणाऱ्यांत तिकडे मजुरी करून पैसे साठवून आलेले बरेच असतात. मग स्वार कोण होणार हे डॉलरवर ठरतं, अशी कुरकुर आहेच.

सगळ्यात वादाचा निर्णय म्हणजे गावच्या प्रशासनाने दारूविक्रीवर घातलेली बंदी. भांडणं, मारझोड, पडून जाणारे जीव, कारणं खरी होती. पण पिऊन टिकणं हाच ज्यात मान, तिथून दारू काढली की उरतं काय, असंही म्हणणारे आहेत, आणि बंदी असूनही बाटली कुठून ना कुठून येतेच.

२ तारखेला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, मात्र कुरकुर करणारे आणि स्वार सगळे कबरस्तानात, आणि मारिंबाही तिकडेच.