चकाकीदार वेब बटण

काचेसारखे फुगीर आणि वरून उजेड पडल्यासारखे दिसणारे संकेतस्थळावरील बटण. ॲपलने जानेवारी २००० मध्ये मॅक संगणकाच्या पडद्यासाठी ‘ॲक्वा’ हे रूप दाखवले आणि ही शैली सगळीकडे पसरली. २०१३ च्या आयओएस ७ (आयफोनची प्रणाली) नंतर सपाट बटणांची चलती झाली. आज गोल कोपरे, ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा), सावली हे सगळे सीएसएसमध्येच (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतच) जमते, पण उजेडाचे गणित हातात बसायला चित्र-संपादकात एकदा तरी बटण करून पाहावेच.

मराठवाड्यात फ्लेक्स-पत्रिकांच्या कामातून वेबकडे वळणाऱ्याने ३०० डीपीआयची (छपाईत इंचाला किती ठिपके याची) सवय सोडावी. इथे मोजायचे ते पिक्सेल. लातूरच्या एखाद्या शिकवणी वर्गासाठी ‘प्रवेश अर्ज’ हे बटण करायचे, तर गिंप या मोफत चित्र-संपादकात पारदर्शक पार्श्वभूमीची २०० × ६० पिक्सेलची फाइल घ्यावी. पूर्ण आकाराची निवड करून कोपरे १० पिक्सेल त्रिज्येने गोल करावेत. वर गडद, खाली फिकट असा निळा ग्रेडियंट भरावा. मग निवड २ पिक्सेल आत ओढून खालचा अर्धा भाग वजा करावा आणि नव्या लेयरवर (चित्रावरच्या वेगळ्या थरावर) पांढऱ्याकडून पारदर्शकाकडे जाणारा ग्रेडियंट सोडावा; लेयरची अपारदर्शकता ६० ते ७० टक्के. ती २ पिक्सेलची कड सोडली नाही तर चकाकी काठाला भिडते आणि बटण दुरंगी पट्टीसारखे दिसते.

खरी कसोटी अक्षरांची. चकाकीची खालची कड शिरोरेषेच्या अगदी जवळ आली की दोन आडव्या रेषा दिसतात आणि शब्द धूसर वाटतो. अशा वेळी कड किंचित कमानदार करावी किंवा मजकूर २ पिक्सेल खाली घ्यावा. अक्षरांचा लेयर नेहमी चकाकीच्या वर असावा. फोटोशॉपमध्ये ‘प्र’ फुटला, ‘अर्ज’चा रफार सुटून पडला, तर फॉन्टला दोष देण्याआधी टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडलेला आहे का ते पाहावे.

फाइल पीएनजीमध्येच जतन करावी. जेपीजीत पारदर्शकता नसल्याने कोपऱ्यांत पांढरे तुकडे उरतात. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो नाहीतर पूर्ण लपतो, म्हणून गोलाई करवती दातांची होते. साधे, माउस नेल्यावरचे आणि दाबलेले ही तिन्ही रूपे एकाखाली एक ठेवून २०० × १८० ची एकच फाइल करावी आणि सीएसएसने त्यातला हवा तेवढाच भाग दाखवावा. वेगळ्या फाइली ठेवल्या तर मंद नेटवर माउस नेताच बटण क्षणभर गायब होते, कारण ब्राउझर दुसरे चित्र तेव्हा कुठे मागवतो.