बालकुपोषण (ठाणे जिल्हा)

पाच वर्षांखालील मुलांची वाढ तीन मापांनी तपासतात. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर मूल खुजे, उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर कृश आणि वयाच्या मानाने वजन कमी असेल तर कमी वजनाचे. तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची प्रमाणके वापरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात ३५.५ टक्के मुले खुजी, १९.३ टक्के कृश आणि ३२.१ टक्के कमी वजनाची आढळली. महाराष्ट्र सधन राज्य, तरी इथे कृश मुले २५.६ टक्के, २०१५-१६ च्या चौथ्या फेरीतही आकडा हाच होता.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा प्रश्न राज्यभर गाजला. जव्हार, मोखाडा तेव्हा ठाण्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ते पालघर जिल्ह्यात गेले. उरलेल्या ठाण्यात शहापूर, मुरबाडचे आदिवासी पाडे आहेत, आणि ठाणे, कल्याण, नवी मुंबई ही शहरेही. जिल्ह्याच्या सरासरीत पाडे बुडून जातात. चौथ्या फेरीतले ठाणे अविभाजित, पाचव्या फेरीतले पालघरविना. त्यामुळे दोन्ही फेऱ्यांतले ठाण्याचे आकडे शेजारी ठेवून ‘सुधारणा’ दाखवणे फसवे आहे.

दिवाळीनंतर अनेक कातकरी आदिवासी कुटुंबे उचल (आगाऊ मजुरी) घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलाचे नाव पाड्यावरच्या अंगणवाडीच्या पटावर, मूल मात्र भट्टीवर. नाव हलवता येते, पण त्यासाठी कुणीतरी भट्टीवर जाऊन विचारायला हवे. परतल्यावर घरातले धान्य संपत आलेले असते, त्यात पावसाळी जुलाब. वजन घसरते ते याच दिवसांत.

मोजमापही वाटते तितके सोपे नाही. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घेतात : एकाने डोके धरायचे, दुसऱ्याने गुडघे सरळ ठेवायचे. अंगणवाडीतली मदतनीस खिचडी शिजवण्यात अडकलेली, सेविका एकटी आणि मूल रडून पाय आखडणारे, असे झाले की लांबी कमी भरते. मग मूल आहे त्याहून खुजे दिसते आणि त्याचे कृशपण मात्र झाकले जाते. दंडघेराची पट्टी त्यामानाने सुटसुटीत. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा दंड ११.५ सेंटीमीटरहून कमी भरला की ते ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना हा उपायांचा कणा आहे. तिचे राज्य आयुक्तालय नवी मुंबईत बेलापूरच्या रायगड भवनात आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने द्यावीत असे प्रमाण २०२३ पर्यंत होते. मात्र अंगणवाडीतली गरम खिचडी-उसळ तीन वर्षांपुढच्यांसाठी. खुजेपण बहुतांशी पहिल्या दोन वर्षांतच पक्के होते. त्या वयाला मिळतो तो घरपोच आहार, ‘टीएचआर’, आणि तो घरात सगळ्यांत वाटला जातो. देशात ६ ते २३ महिन्यांच्या जेमतेम ११.३ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळतो, असे कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसते. त्या मानाने आदिवासी भागातली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना (२०१५) नेमकी जागा धरते : गरोदर व स्तनदा मातेला दिवसाचे एक चौरस जेवण, आणि पुढच्या टप्प्यात सात महिन्यांपासूनच्या मुलांना अंडी किंवा केळी.