ई-टाइप: डौलामागचं गणित

जग्वार ही कंपनी २००८ पासून टाटांकडे आहे, त्यामुळे तिच्याविषयी बोलताना आपल्याकडे थोडा घरचा सूर लागतो. पण जग्वारची जी गाडी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात जाऊन बसली, ती त्याच्या कितीतरी आधीची, १९६१ ची ई-टाइप. तिच्या रूपाचं कौतुक एवढं झालं, की त्याखालच्या इंजिनिअरिंगकडे सहसा कुणी वाकून पाहत नाही. माझ्या मते खरी ई-टाइप तिथेच आहे.

तिच्या इंजिनाचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडत असताना तिथल्या जग्वारच्या कारखान्याला आग लागू नये म्हणून रात्री पहारा असे. कंपनीचे मालक विल्यम लायन्स आणि विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन, क्लॉड बेली हे त्यांचे अभियंते या रात्रींमध्ये युद्धानंतरच्या इंजिनावर खल करत. त्यातून १९४८ मध्ये एक्सके इंजिन आलं: एका ओळीत सहा सिलिंडर, ॲल्युमिनियमचं हेड आणि त्यावर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे. दोन कॅमशाफ्टची चैन तेव्हा रेसच्या किंवा फार महागड्या गाड्यांनाच परवडायची. ई-टाइपमध्ये हेच इंजिन ३.८ लिटरचं होऊन एसयू बनावटीच्या तीन कार्ब्युरेटरसह (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) बसलं. कंपनी २६५ अश्वशक्तीचा दावा करायची.

आकार दिला माल्कम सेयर यांनी. ते आधी ब्रिस्टलच्या विमान कारखान्यात होते. आपल्याला कुणी स्टायलिस्ट म्हटलेलं त्यांना आवडत नसे. आपण वायुगतीचे अभियंते आहोत, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरंच होतं. गाडीच्या अंगावरची वक्रं ते हाताने रेखाटून मग घासूनपुसून घेत नसत, आकडेमोडीने बिंदू काढत. संगणक नव्हता, लॉग टेबल, स्लाइड रूल आणि कागद एवढ्यावर काम. बॉनेटपासून शेपटीपर्यंत नजर कुठेही अडखळत नाही, याचं कारण त्या आकड्यांत आहे.

सेयर यांचीच रेसची गाडी डी-टाइप १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. तिची बांधणी ई-टाइपने उचलली. लांबलचक चासीऐवजी (गाडीखालच्या सांगाड्याऐवजी) मधला भाग पत्र्याचा, विमानासारखा स्वतःच भार पेलणारा. त्याच्या पुढे चौकोनी नळ्यांचा सांगाडा बोल्टने जोडलेला आणि त्यात इंजिन. बॉनेट म्हणजे गाडीचा जवळजवळ सगळा पुढचा भागच. तो उचलला की इंजिन आणि पुढची चाकं दोन्ही उघड्यावर.

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात गाडी लोकांसमोर आली तेव्हा चक्कर मारायला एवढी झुंबड उडाली, की कॉव्हेंट्रीत असलेले चाचणी चालक नॉर्मन ड्युइस यांना दुसरी गाडी घेऊन रातोरात निघावं लागलं. ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर वेगाची ही गाडी ब्रिटनमध्ये करांसह २,१०० पौंडांच्या आसपास मिळत होती. ॲस्टन मार्टिनला जवळपास दुप्पट मोजावे लागत. अर्थात पत्रकारांना चालवायला दिलेली गाडी खास तयार केलेली होती. गिऱ्हाइकाच्या गाडीला तो आकडा सहज गाठता येत नसे.

आता मागच्या चाकांकडे येऊ. त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे जग्वारचीही मागची दोन चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असत. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही हिसका बसायचा. जग्वारचे अभियंते बॉब नाइट यांनी ही चाकं एकमेकांपासून सुटी केली. लायन्स यांनी त्यांच्याशी पाच पौंडांची पैज लावली होती, की महिन्याभरात हे होणार नाही, आणि नाइट ती जिंकले, अशी हकिकत सांगतात. नाइट यांनी हाफ शाफ्टला, म्हणजे प्रत्येक चाकाकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याला, दोन कामं दिली: चाकाला ताकद पोचवायची आणि सस्पेन्शनचा वरचा दांडा म्हणूनही राबायचं. खाली एक आडवा दांडा, दर चाकाला दोन स्प्रिंग आणि दोन शॉक ॲब्सॉर्बर. डिस्क ब्रेक चाकात न ठेवता आत, डिफरन्शियलला (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीला) लागून, त्यामुळे चाकांबरोबर वरखाली होणारं वजन घटलं. हा सगळा संच एका पोलादी चौकटीत, आणि चौकट रबरावर टांगलेली. म्हणून शर्यतीच्या घराण्यातली ही गाडी खराब रस्त्यावरही माणसाला खिळखिळं करत नव्हती.

याची किंमत मेकॅनिक मोजतात. ब्रेकच्या उष्णतेने डिफरन्शियलचं सील कडक होतं, तेल थेट डिस्कवर येतं, आणि काम नीट करायचं तर अख्खी चौकट खाली उतरवावी लागते. पहिल्या गाड्यांत इतरही उणिवा होत्या. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर खडखड न होता पडावा म्हणून असलेली सोय) नव्हता आणि फरशी सपाट असल्याने उंच माणसाला पाय ठेवायला जागा पुरत नसे. फरशी लवकरच बदलली. १९६४ च्या ४.२ लिटरच्या गाडीत गिअरबॉक्सही नवा आला. पुढे अमेरिकेच्या सुरक्षा नियमांमुळे हेडलाइटवरच्या काचा गेल्या, १९७१ मध्ये ५.३ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन बसलं, आणि १९७४ मध्ये उत्पादन थांबलं. तोवर ७२ हजारांहून जास्त गाड्या बनल्या होत्या. नाइट यांचं मागचं सस्पेन्शन मात्र थांबलं नाही: जग्वारच्याच एक्सजे सलूनमध्ये आणि नंतर एक्सजेएस या गाडीत, थोड्याफार फेरफारांसह, ते १९९६ पर्यंत चालू राहिलं.